हर्बेरियमची लेबलं डेटाबेसमधून छापताना

कारवी सात वर्षं नुसती वाढत असते आणि आठव्या वर्षी अख्खा डोंगर जांभळा करून टाकते. अशी फुललेली फांदी दाबून, सुकवून हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, शीटवर लावली की पुढे कधीतरी कुणी तिच्याकडे बघून विचारणारच, हा बहर कोणत्या सालचा आणि कोणत्या डोंगरावरचा? फांदीला ते सांगता येत नाही. सांगतं ते शीटच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातलं लेबल. त्यावरची तारीख चुकली तर नमुना कितीही सुंदर वाळवलेला असो, तो वाळलेला पाला आहे.

हा लेख महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र विभागांसाठी आहे. म्हणजे जिथे काही शे ते काही हजार नमुने आहेत, एक संगणक आहे, एक लेझर प्रिंटर आहे आणि संग्रहाचं काम शिकवणं सांभाळून करावं लागतं अशा जागांसाठी. स्पेसिफाय किंवा सिम्बायोटासारखी संग्रहासाठीची खास सॉफ्टवेअर वापरत असाल तर लेबल छापायची सोय त्यांतच मिळते. पण बहुतेक ठिकाणी नोंदी साध्या तक्त्यात असतात, म्हणून मी लिबरऑफिस धरून सांगतो. ते फुकट मिळतं आणि या कामाला पुरतं.

दोन नियम आधी सांगतो, बाकी सगळं त्यांच्याभोवती आहे. पहिला, लेबलवर थेट काहीही टाइप करायचं नाही. जे छापायचं ते आधी नोंदीत असलं पाहिजे. दुसरा, शीटवर एकदा चढलेलं लेबल पुन्हा काढायचं नाही, खोडायचंही नाही.

तक्ता कसा असावा

एका नमुन्याला एक ओळ. कॉलमांची नावं डार्विन कोअर या मानकाप्रमाणे ठेवा. जैवविविधतेच्या नोंदींसाठीचं हे मानक टीडीडब्ल्यूजी या संस्थेनं २००९ मध्ये मान्य केलं आणि जीबीआयएफ या जैवविविधता-नोंदींच्या जागतिक साठ्यापासून सिम्बायोटापर्यंत सगळे ते ओळखतात. आज आपल्या मनानं ‘ठिकाण १’, ‘ठिकाण २’ असे कॉलम केले तर पुढे नोंदी दुसरीकडे न्यायची वेळ आली की सगळं पुन्हा जुळवत बसावं लागतं.

क्रमांक दोन असतात आणि त्यांची गल्लत फार होते. एक संग्राहकाचा क्रमांक, जो माणसाचा असतो. मी शेतात किंवा डोंगरावर गोळा केलेला १४३ वा नमुना म्हणजे माझा १४३. त्याच झाडाच्या तीन फांद्या घेतल्या तर तिन्हींचा संग्राहक क्रमांक एकच. दुसरा संग्रहाचा दाखल क्रमांक, जो शीटचा असतो आणि प्रत्येक शीटला वेगळा. ग्रंथालयात एकाच पुस्तकाच्या तीन प्रतींना तीन दाखल क्रमांक पडतात तसंच. दाखल क्रमांकाचा कॉलम सुरुवातीलाच ‘मजकूर’ म्हणून ठरवून ठेवा, नाहीतर ०००१२३ मधली पुढची तिन्ही शून्यं तक्ता खाऊन टाकतो.

शास्त्रीय नाव एका कॉलमात लिहू नका. याचं कारण छपाईत आहे. नावाचे पहिले दोन शब्द तिरप्या अक्षरांत छापायचे असतात, नाव देणाऱ्याचं नाव सरळ अक्षरांत आणि उपजात किंवा वाण दाखवणारं संक्षिप्त रूपही सरळ. लेबल जुळवणारी सोय एका कॉलमाचा मजकूर अर्धा तिरपा, अर्धा सरळ करू शकत नाही. म्हणून प्रजाती, जाती, दर्जा (ते संक्षिप्त रूप), उपजातीचं नाव आणि कर्ता (नाव देणारा) असे कॉलम सुटे ठेवा. सुटे कॉलम जोडायला एक क्षण लागतो, जोडलेले सुटे करायला आठवडा जातो.

तारीख

तक्त्यात ५/६/२०२३ लिहिलं तर संगणकाच्या प्रांतीय सेटिंगप्रमाणे त्याचा अर्थ ५ जून होतो किंवा ६ मे. कुठलाही इशारा न देता तो बदल होतो. महाराष्ट्रात ५ जून म्हणजे मृगाच्या तोंडावरची जमीन आणि ६ मे म्हणजे वैशाखवणवा. त्या दोन तारखांना एकाच जागी फुलणारी झाडं वेगळी असतात. त्यामुळे तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस या क्रमानं, २०२३-०६-०५ अशी, आणि मजकूर म्हणून साठवा. लेबलवर मात्र महिना अक्षरांत किंवा रोमन अंकांत छापा, म्हणजे परदेशातला वाचकही घोटाळणार नाही. कधी लेबलवर तारखेच्या जागी ४५००० असा पाचआकडी आकडा उमटला तर घाबरू नका. तक्त्यानं तारीख दिवसांच्या मोजणीत ठेवली आहे एवढाच त्याचा अर्थ, आणि ४५००० म्हणजे १५ मार्च २०२३. पण असा आकडा दिसला की तारखांचा अख्खा कॉलम पुन्हा तपासा. जुन्या शीटांसाठी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. एक्सेल १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून मानतच नाही, तिथे मजकुराशिवाय इलाज नाही.

ठिकाण

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त नमुने इथेच वाया जातात.

नुसतं ‘वडगाव’ लिहिलेलं लेबल निरुपयोगी आहे. महाराष्ट्रात वडगावं किती आहेत ते एसटीच्या कोणत्याही वाहकाला विचारा. गाव, तालुका, जिल्हा, राज्य आणि देश एवढं तर हवंच. त्याआधी गावापासूनची जागा: ओढ्याच्या कोणत्या काठाला, कोणत्या देवळामागच्या देवराईत, घाटाच्या कोणत्या वळणाशी. मग उंची मीटरमध्ये आणि अक्षांश-रेखांश.

अक्षांश-रेखांश दशांशात लिहा आणि चार दशांश स्थळं ठेवा. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, त्यामुळे चौथ्या दशांश स्थळाला जागा सुमारे ११ मीटरपर्यंत नेमकी होते. मोबाइलचा जीपीएस उघड्यावर साधारण तेवढंच अचूक सांगतो. मोबाइल सात-आठ दशांश दाखवतो म्हणून तेवढे छापायचे नाहीत; मोजलंच नाही ते लेबलनं सांगू नये. जागेतली अनिश्चितता किती मीटर आहे याचा वेगळा कॉलम ठेवा. जुन्या टोपोशीटवरून जागा वाचली असेल तर तेही नोंदवा. त्या नकाशांची अक्षांश-रेखांश मोजायची चौकट ‘एव्हरेस्ट’ नावाची होती, जीपीएसची डब्ल्यूजीएस-८४ आहे, आणि दोन्हींत फरक पडतो.

आता जिल्ह्यांचा प्रश्न. १९९० मध्ये जव्हारहून आणलेल्या शीटवर ‘जिल्हा ठाणे’ आहे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि जव्हार पालघरमध्ये गेलं. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर ही नावं बदलून छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर झाली. मग जुन्या नमुन्याचं लेबल नव्यानं छापताना काय छापायचं? जे संग्राहकानं लिहिलं ते, जसंच्या तसं. त्यासाठी ‘मूळ शब्दांतलं ठिकाण’ असा स्वतंत्र कॉलम ठेवा आणि त्याला कधीही हात लावू नका. आजचा जिल्हा दुसऱ्या कॉलमात असू द्या. शोधायला तो लागतो. दोन्ही छापायचे असतील तर आजचा जिल्हा चौकटी कंसात घाला, म्हणजे तो नंतर जोडलेला आहे हे दिसेल.

लेबलची भाषा? शास्त्रीय नाव आणि ठिकाण रोमन लिपीत हवं, कारण शीट उद्या हावड्याच्या किंवा न्यूयॉर्कच्या अभ्यासकाच्या टेबलावर जाईल. पण गावाचं आणि झाडाचं स्थानिक नाव मी देवनागरीतही छापतो, आणि तुम्हीही छापा असा माझा आग्रह आहे. ‘वडे’ आणि ‘वाडे’ रोमनमध्ये एकसारखीच दिसतात. देवनागरीतली एक ओळ हा गोंधळ कायमचा मिटवते. फाइल साठवताना यूटीएफ-८ ही अक्षरं साठवायची पद्धत निवडा, नाहीतर ती ओळ प्रश्नचिन्हांची रांग होऊन छापली जाते.

दुर्मीळ वनस्पतींबाबत एक काळजी घ्या. कंदीलपुष्पांसारख्या, कंदांसाठी उकरल्या जाणाऱ्या किंवा शौकिनांनी उपटून नेल्या जाणाऱ्या जातींचं नेमकं ठिकाण लेबलवर पूर्ण छापा, पण नोंदी इंटरनेटवर देताना अक्षांश-रेखांश एका दशांशापर्यंत गोळाबेरीज करा. एका दशांशात जागा सुमारे ११ किलोमीटरच्या पट्ट्यात विरून जाते.

छपाईचं पान वेगळं ठेवा

मूळ तक्त्यावरून थेट लेबल जुळवू नका. त्याच फाइलमध्ये ‘छपाई’ नावाचं दुसरं पान करा आणि त्यात लेबलच्या प्रत्येक ओळीसाठी एक कॉलम ठेवा; शास्त्रीय नावाचे तेवढे कॉलम सुटेच राहू द्या. ठिकाणाची ओळ जोडायला टेक्स्टजॉइन हे सूत्र फार उपयोगी आहे. त्याला स्वल्पविराम हा जोड द्या, रिकामे खाने वगळायला सांगा आणि मग गाव, तालुका, जिल्हा, राज्य, उंची हे खाने ओळीनं द्या. उंची नोंदवलेली नसेल तर ती जागा आपोआप मिटते आणि लेबलवर दोन स्वल्पविराम एकापुढे एक लोंबकळत नाहीत. ‘मी.’, ‘संग्राहक:’ असे शब्दही याच पानात जोडा, तेही मूळ माहिती असेल तरच.

आमच्या विभागात एकदा मोठी चूक झाली होती ती इथेच सांगतो. कुणीतरी मूळ तक्त्यातला फक्त नावांचा कॉलम निवडून अकारविल्हे लावला. बाकीचे कॉलम जागच्या जागी राहिले. १६० लेबलं छापून, कापून झाली तेव्हा लक्षात आलं की खारफुटीतलं मारांडीचं झुडूप बाराशे मीटर उंचीवर पोचलं आहे. सगळी लेबलं टाकून द्यावी लागली आणि फील्ड बुकं (नमुने गोळा करतानाच्या नोंदवह्या) उघडून तक्ता पुन्हा भरावा लागला. तेव्हापासून क्रम लावायच्या आधी फाइलची तारीख घातलेली प्रत काढायची आणि अख्खा तक्ता निवडायचा, हे आम्ही भिंतीवर लिहून ठेवलं आहे.

लिबरऑफिसमध्ये लेबल जुळवणं

आधी तक्त्याची फाइल बेस या भागातून ‘अस्तित्वात असलेला डेटाबेस जोडा’ असं निवडून स्प्रेडशीट म्हणून नोंदवून घ्या. मग फाइल, न्यू, लेबल्स. पहिल्या भागात आपला डेटाबेस आणि ‘छपाई’चं पान निवडून एकेक कॉलम आत घ्या.

फॉरमॅट या भागात मापं द्यायची. भारतात हर्बेरियम शीट साधारण २८ बाय ४२ सेंटिमीटरचं असतं. त्यावर १० बाय ७ सेंटिमीटरचं लेबल शोभतं आणि ए-फोर कागदावर अशी आठ बसतात. रुंदी १०, उंची ७, आडवं अंतर १०, उभं अंतर ७, डावी सोड अर्धा सेंटिमीटर, वरची सोड ०.८५, कॉलम २, ओळी ४. अंतर म्हणजे एका लेबलच्या कडेपासून पुढच्या लेबलच्या त्याच कडेपर्यंत, मधली फट नव्हे. इथे बरेच जण चुकतात.

ऑप्शन्समध्ये ‘संपूर्ण पान’ निवडा आणि ‘सिंक्रोनाइझ कंटेंट्स’वर खूण करा. मग फक्त पहिल्या लेबलची मांडणी करायची आणि सिंक्रोनाइझचं बटण दाबलं की बाकीची सात तशीच होतात. वर संस्थेचं नाव, खाली कुळ, मग शास्त्रीय नाव जरा मोठ्या अक्षरांत, मग ठिकाण, अधिवास, झाडाचं वर्णन, शेवटी संग्राहक, त्याचा क्रमांक आणि तारीख. वर्णनात जे वाळल्यावर हरवतं तेच लिहा: फुलाचा रंग, वास, चीक, झाडाची उंची, साल. पानांचा आकार शीटवर दिसतोच.

बारकोड हवा असेल तर सोपा मार्ग म्हणजे लिबर बारकोड ३९ हा फुकट फॉन्ट. दाखल क्रमांकाच्या दोन्ही बाजूंना एकेक तारांकन जोडलेला कॉलम छपाईच्या पानात करा आणि त्याला हा फॉन्ट द्या. बारकोडमध्ये फक्त क्रमांक ठेवा. नाव बदलतं, कपाट बदलतं, क्रमांक बदलत नाही. दोन्ही बाजूंना थोडी कोरी जागा सोडा आणि खाली तोच क्रमांक डोळ्यांनी वाचता येईल असा छापा.

कागद आणि शाई

कागद आम्लरहित हवा, जमल्यास सुती धाग्यांचा, १०० ते १२० जीएसएमचा. साध्या झेरॉक्सच्या कागदाचा भरवसा नसतो. पीएच तपासायचं पेन मिळतं. त्याची रेघ जांभळी उमटली तर कागद चालेल, पिवळी राहिली तर नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कागद दमट होऊन वाकतो आणि प्रिंटरमध्ये अडकतो, म्हणून रीम बंद पिशवीत ठेवा आणि छापण्यापुरताच कागद बाहेर काढा.

शाईसाठी काळा लेझर प्रिंटर. त्याचा टोनर काजळी आणि रेझिनचा असतो, उन्हानं उडत नाही. पण तो कागदात मुरत नाही, उष्णतेनं वर चिकटतो. त्यामुळे जाड कागद असेल तर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ‘जाड कागद’ निवडलाच पाहिजे, नाहीतर उष्णता कमी पडते आणि अक्षरं पापुद्र्यासारखी सुटतात. छापलेल्या अक्षरांवर चिकटपट्टी लावून ओढून बघा. साध्या इंकजेटची शाई पाण्याच्या एका थेंबानं पसरते. पावतीसारखा उष्णतेनं काळा होणारा कागद तर नकोच. एसटीचं तिकीट खिशात चार महिन्यांत कोरं होतं तसं लेबलही होईल. आणि मागे गोंद असलेले तयार स्टिकर कितीही सोयीचे वाटले तरी टाळा. काही वर्षांत गोंद बाजूनं पाझरतो, मग सुकतो आणि लेबल गळून पडतं.

अल्कोहोलमधल्या नमुन्यांना लेझर चालत नाही, टोनर हळूहळू सुटून बरणीच्या तळाशी जातो. बरणीच्या आत टाकायचं लेबल चांगल्या कागदावर पेन्सिलीनं किंवा पक्क्या काळ्या शाईनं हातानं लिहिलेलं उत्तम. संख्या मोठी असेल तर रेझिन रिबनचा थर्मल ट्रान्सफर प्रिंटर लागतो. कोणतीही पद्धत वापरा, आधी एक लेबल ७० टक्के अल्कोहोलमध्ये आठवडाभर बुडवून, बोटानं घासून बघा.

प्रत्यक्ष छापताना

आधी पीडीएफ काढा. पीडीएफ छापताना ‘प्रत्यक्ष आकार’ किंवा १०० टक्के निवडा. ‘पानावर बसवा’ हे निवडलेलं राहिलं तर सगळं थोडं आकसतं आणि कापताना खालच्या ओळीचा मजकूर कटरखाली येतो. पहिलं पान साध्या कागदावर काढून पट्टीनं मोजा.

मग दोघांनी बसायचं. एकानं फील्ड बुकातून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं छापील पानावर बोट ठेवत जायचं. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय मला सापडलेला नाही. चूक दिसली तर लेबलवर पेनानं दुरुस्ती नाही. तक्त्यात दुरुस्ती आणि ते पान पुन्हा.

कापताना एका वेळी एकच पान घ्या. दहा पानं एकावर एक ठेवून कापली तर पहिल्या गठ्ठ्यात १, ९, १७, २५ असे क्रमांक येतात आणि जुळवताना हमखास चूक होते.

टाचणीवरचे कीटक

कीटकांचं लेबल साधारण १८ बाय ८ मिलिमीटरचं आणि अक्षर ४ पॉइंटचं. साधा, अक्षरांच्या टोकांना आडव्या रेघा नसलेला (सॅन्स सेरिफ) फॉन्ट घ्या आणि प्रिंटर किमान ६०० डीपीआयवर ठेवा. या आकारात देवनागरी छापू नका. मात्रा आणि वेलांट्या शिरोरेषेला चिकटून नुसती काळी रेघ दिसते. देवनागरी नाव डेटाबेसमध्ये राहू द्या. टाचणीवर कीटकाच्या लगेच खाली ठिकाण-तारखेचं लेबल आणि सगळ्यात खाली ओळख पटवणाऱ्याचं. कीटक टोचायच्या दिवशीच लेबल टोचा. टाचणी नंतर उपसली की पाय तुटतात.

चिकटवणं, आणि त्यानंतर

गव्हाच्या पिठाची खळ जुनी आणि चांगली, पण कसर तिच्यावर तुटून पडते. दमट भागात मिथाइल सेल्युलोज बरं. लेबल उजव्या खालच्या कोपऱ्यात लावा आणि वर किंवा डावीकडे तीन-चार बोटं जागा मोकळी ठेवा. जुन्या शीटांवर काम करताना हातमोजे घाला, त्यांवर किडीसाठी मर्क्युरिक क्लोराइड लावलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. नमुन्यासोबत आलेली हस्तलिखित चिठ्ठी फेकू नका, लहान पाकिटात घालून त्याच शीटवर चिकटवा. ज्या वर्तमानपत्रात नमुना वाळवला त्याचा तारखेचा कपटाही कधीकधी जपण्याजोगा असतो.

मोकळी सोडलेली जागा निर्धारण चिठ्ठीसाठी, म्हणजे नमुन्याची ओळख नव्यानं ठरवली तर तशी चिठ्ठी लावण्यासाठी आहे. कारवीचंच बघा. ती कुठे स्ट्रोबिलॅन्थिस कॅलोसा म्हणून आहे, कुठे कार्व्हिया कॅलोसा म्हणून. तज्ज्ञानं नाव बदललं की मूळ लेबल तसंच राहतं. १० बाय ३ सेंटिमीटरची वेगळी चिठ्ठी छापायची: नवं नाव कर्त्यासह, ठरवणाऱ्याचं नाव, वर्ष. तीही तक्त्यातूनच, म्हणून तक्त्यात जुनं नाव पुसून नवं लिहू नका. निर्धारणांचं वेगळं पान ठेवा, दाखल क्रमांकानं जोडलेलं, प्रत्येक निर्धारणाला एक ओळ.

शीट कपाटात गेलं की नोंदीत ‘लेबल छापलं’ या कॉलमात त्या दिवसाची तारीख भरा. पुढच्या वेळी छपाईच्या पानात फक्त हा खाना रिकामा असलेल्या ओळी येतील अशी गाळणी लावा, म्हणजे एकाच शीटची दोन लेबलं निघणार नाहीत.